भुमकाचे धान

आमच्या भंडारा जिल्ह्यात माणसाचे आडनाव हेच पुष्कळदा त्याच्या घराण्याचे पहिले दप्तर असते. लांजेवार म्हटले की लांजीकडची वाट दिसू लागते. वैरागडे म्हटले की वैरागडचा किल्ला आठवतो. रामटेके, नागपुरे, आंबागडे यांबद्दल तर सांगावयासच नको. जांभुळकर, बोरकर, टेंभुर्णे ही नावे ऐकताना कोण्या एका गावाच्या शिवेवरील झाडे डोळ्यांपुढे उभी राहतात. या प्रदेशाला झाडीपट्टी म्हणतात, आणि झाडीतून वाट काढीत आलेल्या माणसांनी आपल्या नावात झाडे जपून ठेवली, हे मला नेहमीच मोठे शोभून दिसत आले आहे. परंतु आडनाव केवळ माणूस कोठून आला तेवढेच सांगते. केव्हा आला, कोणाबरोबर आला, आणि तो आला तेव्हा तेथे आधीपासून कोण राहत होते, याविषयी ते मौन पाळते. यांतील शेवटच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे कागद मला हाताळावे लागले त्यांविषयी आज थोडे लिहावयाचे आहे.

जिल्ह्यात माणसांची अतिशय जुनी नावे सापडली ती पवनीला. १९६९-७० च्या सुमारास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण व नागपूर विद्यापीठ यांनी तेथे उत्खनन केले, तेव्हा बौद्ध स्तूपाच्या कठड्याचे दगड उजेडात आले. त्यांवर दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी वैनगंगेच्या काठी वावरलेली ही माणसे. त्यानंतर रतनपूरच्या १११४ सालच्या शिलालेखात ‘भाणार’ हे स्थलनाम येते आणि लीळाचरित्रात निळभट्ट भांडारेकार भेटतात. इतिहासकारांना हे धागे पुरेसे असतील. मात्र या दगडांपासून आज बाजारात भेटणाऱ्या एखाद्या घराण्यापर्यंत येऊ पाहिले, तर मधली बाराशे-पंधराशे वर्षे रिकामी सापडतात. वंशावळीचा शोध दगडांवरून होत नाही. तो कागदांवरून होतो, आणि आमच्याकडे कागद फार उशिरा आला.

अलीकडच्या तीनशे वर्षांत येथे जे वसाहतकरी आले त्यांपैकी काहींची आठवण चांगली टिकली आहे. पोवार समाज माळव्यातून आला, प्रथम रामटेकजवळच्या नगरधनला राहिला, मग आंबागड, चांदपूर करीत वैनगंगेच्या खोऱ्यात पसरला. नागपूरकर भोसल्यांच्या कटकच्या स्वारीत केलेल्या कामगिरीबद्दल त्यांना पडीक जमिनी मिळाल्या, असे इंग्रजी अमदानीतील अहवाल सांगतात. त्यांच्या छत्तीस कुळांची नामावळी भाटांच्या पोथ्यांत आहे. दक्षिण महाराष्ट्रात जे काम हेळवी करतात, हरिद्वार किंवा त्र्यंबकेश्वर येथे जे तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत होते, तेच येथे भाट करीत. यजमानाच्या घरी यावे, मागच्या पिढ्यांची नावे म्हणून दाखवावी, नवी नावे टिपून घ्यावी, बिदागी घेऊन पुढच्या गावाला जावे. हरिद्वारच्या वह्यांची सूक्ष्मचित्रे घेण्यासाठी अमेरिकेतील युटा प्रांतातून एक संस्था आली. आमच्या भाटांच्या पोथ्या पाहावयास अजून कोणी आलेले नाही, आणि भाटांच्या मुलांना आता दुसरे उद्योग मिळाले आहेत.

कोहळी समाजाची स्मृती वेगळ्या प्रकारची. त्यांना गोंड राजाने बनारसकडून आणले अशी समजूत आहे. त्यांची पोथी म्हणजे त्यांचे तलाव. साकोली, लाखांदूर या भागांत आणि १९९९ साली वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यात फिरताना टेकड्यांच्या खोबणीत पाळ घालून अडविलेले जे पाणी दिसते, त्यातील बरेचसे त्यांच्या अकलेचे. मारुती चितमपल्ली यांच्या वाचकांना ठाऊक असलेला नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, आणि लोकांनी त्यांना कोलासूर म्हणून देवपणच दिले. ज्याने तलाव बांधविला त्याचे नाव राहिले. ज्यांनी मातीची टोपली डोक्यावरून वाहिली त्यांचे राहिले नाही. यात कोहळ्यांचा काही दोष नाही; जगभर असेच होत आले आहे.

लेखी दप्तराचा खरा आरंभ नागपूरचे राज्य खालसा झाल्यानंतरचा. १८६१ साली मध्य प्रांताची स्थापना झाली व लगेच जमीनमहसुलाच्या बंदोबस्ताचे काम निघाले. लॉरेन्स नावाच्या अधिकाऱ्याने केलेल्या भंडाऱ्याच्या बंदोबस्ताचा अहवाल १८६७ चा आहे. त्या बंदोबस्ताने एक फार मोठी गोष्ट केली. भोसल्यांच्या काळात जो पाटील सरकारसाठी गावाचा सारा गोळा करीत असे, त्याला इंग्रजांनी गावाचा मालक ठरविले. तो मालगुजार झाला. त्याच्याखाली मलिक-मकबुजा, मग निरनिराळ्या दर्जाची कुळे, अशी उतरंड कागदावर मांडली गेली. ज्याच्याकडून सारा यावयाचा त्याचे नाव लिहिले गेले. ज्याच्याकडून यावयाचा नाही तो लिहिला गेला नाही. वारसाहक्काचा कज्जा उभा राहिला की मालगुजाराच्या मिसलीत कुर्सीनामा जोडला जाई, म्हणून त्या घराण्यांच्या सहा-सात पिढ्या आज अर्ध्या दिवसात हाती लागतात. सालगडी, ढोरक्या, जंगलातून मोहफुले वेचून पोट भरणारा यांना कुर्सीनामा कशाला हवा होता?

तो हवा झाला फार पुढे, आणि हवा झाला तेव्हा त्यांनाच सर्वांहून अधिक निकडीने हवा झाला. अनुसूचित जमातीचे प्रमाणपत्र तपासावयाचे तर ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा पाहिजे. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे बिगर-आदिवासी वनवासी कुटुंबाला तीन पिढ्यांचे, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचे, वास्तव्य दाखवावे लागते. एकेका शब्दावर किती काही अवलंबून असते ते या भागाने १९९४ साली पाहिले. त्या वर्षी २३ नोव्हेंबरला नागपूरच्या विधानभवनासमोर गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसे मेली. मागणी होती ती सूचीतील ‘गोंड गोवारी’ या दोन शब्दांचा अर्थ लावण्याविषयीची. २०१८ साली उच्च न्यायालयाने एक अर्थ लावला, २०२० च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. आजही कोणी गोवारी गृहस्थ जुनी नोंद घेऊन येतो, तेव्हा त्याच्या बोटाखालचा तो एक शब्द मी वाचतो आणि काय सांगावे ते मला कळत नाही.

२०२२ च्या उन्हाळ्यात नागझिऱ्याच्या जंगलाकडील एका गावचे गोंड समाजाचे वृद्ध गृहस्थ आपल्या नातीला घेऊन माझ्याकडे आले. ते ख्रिस्ती नव्हेत. फादरांना जुने अक्षर वाचता येते एवढी ख्याती त्यांच्या कानी गेली होती. मोडी मी एका वयोवृद्ध शिक्षकांजवळ बसून शिकलो होतो, आणि झाडीपट्टीत अशी गोष्ट झाकून राहत नाही. नातीला परिचारिकेच्या शिक्षणासाठी प्रवेश घ्यावयाचा होता. वडिलांच्या शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीत ‘गोंड’ असे स्वच्छ लिहिलेले होते, पण ती नोंद १९७० नंतरची. पन्नासपूर्वीचे असे जे काही असावयाचे ते आजोबांच्याच नावाचे.

“बाबा, तुमच्या शाळेचा दाखला?” मी विचारले.

“शाळेत काही मी गेलो नाही जी फादर. ढोरं राखाले जात होतो.”

“जन्म कोणत्या सालचा?”

“तलावाची पाळ फुटली ना, त्या सालचा. माय सांगे.”

नात खाली मान घालून बसली होती. तिच्या मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत तेच चार-पाच कागद होते, पुन्हा पुन्हा झेरॉक्स काढून अक्षरे पुसट झालेले. एका कार्यालयातून दुसऱ्याकडे आणि तेथून पुन्हा पहिल्याकडे अशा तिच्या किती खेपा झाल्या हे तिने मोजले होते; सतरा.

अशा माणसासाठी एकच वही उपयोगी पडण्याचा संभव असतो, ती म्हणजे कोतवाल पंजी. महसूल खात्याच्या भाषेत गाव नमुना चौदा. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीचे काम सुरू होऊन राज्यभर कुणबी नोंदींचा शोध चालला, तेव्हा या वहीचे नाव वर्तमानपत्रांतून सर्वतोमुखी झाले. त्याआधी ती तहसिलीच्या दप्तरखान्यात लाल रुमालात बांधलेली, वाळवीच्या मेहेरबानीवर जगत होती. गावात कोणी जन्मले वा मेले की कोतवालाने त्याची खबर ठाण्यावर द्यावयाची, अशी जुन्या मध्य प्रांतातील व्यवस्था होती. कोतवाल बहुधा महार समाजाचा, बहुधा निरक्षर. नोंद त्याला पाटील किंवा मास्तर लिहून देत, नाहीतर ठाण्यातील मोहरीर लिहून घेई. कोतवाल ती वही काखेत मारून पाच-पाच कोस पायी जात असे. साऱ्या गावाचे जन्ममरण ज्याच्या काखेत होते, त्याच्या स्वतःच्या आजोबाचे नाव कोणी विचारले असेल असे मला वाटत नाही.

पंजी वाचण्याची एक सवय लागते. मृत्यूच्या पानांवर कारण म्हणून चार-पाचच शब्द असतात: ताप, पटकी, माता, जुलाब, म्हातारपण. एरवी महिन्याला दोन-तीन नोंदी. पण १९१८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पान उलटले की पुन्हा ‘ताप’, पुन्हा ‘ताप’, एकाच हाताने लिहिलेला. इन्फ्लुएन्झाच्या त्या साथीने ज्या प्रांतांना सर्वाधिक झोडपले त्यांत आमचा मध्य प्रांत होता. काही पानांवर खाली ‘सदर’ म्हणून दोन टिंबे दिली आहेत. लिहिणारा थकला असावा.

जन्माच्या पानांचे दुखणे निराळे. तेथे महिना असतो, तारीख असते, बापाचे नाव, जात, आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. बाळाचे नाव नसते, कारण खबर दिली त्या दिवशी बारसे व्हावयाचे असे. बापालाही आडनाव नाही. सोमवारी जन्मला तो सोमा, मंगळवारचा मंगरू, बुधवारचा बुधा, फाल्गुनातला फागू, दुष्काळातला दुकालू. गावात एका वेळी तीन सोमे आणि दोन मंगरू सुखाने नांदत असत आणि कोणाची गल्लत होत नसे, कारण सर्व एकमेकांना ओळखत होते. गल्लत होते ती आता, ऐंशी वर्षांनंतर, ज्यांनी त्यांना पाहिलेले नाही त्यांच्यापुढे.

आमचेही तसेच झाले. तीन दिवस रुमाल सोडून बसल्यावर १९३७ सालच्या पानावर आजोबांच्या वडिलांचे नाव मिळाले. जात: गोंड. अपत्य: मुलगा. तलावाची पाळ त्याच पावसाळ्यात फुटली होती हे मागाहून कळले. नातीचा चेहरा उजळला. मी मात्र आणखी दोन पाने उलटली, आणि त्याच वर्षी त्याच नावाच्या दुसऱ्या गोंड गृहस्थालाही मुलगा झाल्याची नोंद निघाली. दोन बाप, एक नाव, दोन निनावी मुलगे. यांतला कोणता मुलगा माझ्यासमोर बसला आहे? जात दोहोंकडे एकच, तेव्हा तुम्हाआम्हाला फरक पडत नाही; परंतु तपासणी करणारा माणूस वंशवेलीचा प्रत्येक दुवा कागदावर मागतो, आणि त्याने तो मागू नये असे तरी कसे म्हणावे? खोट्या दाखल्यांवर खऱ्या आदिवासींच्या जागा गेलेल्या आहेत.

येथे माझ्या पेशातील वह्यांविषयी दोन शब्द लिहिणे अस्थानी होणार नाही. ख्रिस्तसभेने धर्मग्रामांना नोंदवह्या ठेवावयास लावले ते ट्रेंटच्या महासभेने, १५६३ साली. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने नोंदीचे नमुने घालून दिले. उद्देश वंशावळ जपण्याचा नव्हता. चोरटे विवाह थांबावेत, एका माणसाने दोन ठिकाणी लग्न करू नये, हा व्यवहारी हेतू होता. त्यातून मात्र असे झाले की युरोपात राजापासून मेंढपाळापर्यंत प्रत्येकाचे नाव, त्याच्या आईच्या नावासह, एकाच वहीत एकाच मापाच्या ओळीत आले. स्नानसंस्काराच्या नोंदीशेजारी समासात पुढे विवाहाची नोंद होते, त्यामुळे एका पानावरून दुसऱ्या पानावर जाता येते. सेमिनरीत धर्मनियमांच्या तासाला हे सारे आम्ही परीक्षेपुरते पाठ केले होते.

आमच्या धर्मग्रामाच्या वह्या काही फार जुन्या नाहीत. जुन्या नोंदींसाठी कामठी-नागपूरकडे जावे लागते. कामठीला १८२१ पासून छावणी होती. त्या भागातील एका जुन्या वहीत १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांची पाने मी पाहिली आहेत. अनाथालयात आणलेल्या मुलांचे स्नानसंस्कार ओळीने लिहिलेले आहेत. वय अंदाजे सहा, वय अंदाजे चार. आईबापाच्या जागी लॅटिनमधील दोन शब्द: पारेन्तिबुस इग्नोतिस, मातापिता अज्ञात. त्याखाली पुन्हा तेच. माझ्या धर्मग्रामातील एक कुटुंब अशाच एका मुलाचे वंशज आहे. त्यांचे आडनाव हे एका संताचे नाव आहे. त्या घरातील तरुण मुले मला अधूनमधून विचारतात, “फादर, आपण मूळचे कोण?” ती वही मी त्यांना दाखविली. त्यांच्यासाठी तेथे आणखी एक अक्षरही नाही. पणजोबा सहा वर्षांचे होते. सहा वर्षांच्या मुलाला आपल्या गावाचे नाव माहीत असते, आईला काय म्हणत तेही माहीत असते. त्याला कोणी विचारले असेल का, विचारले असेल तर त्याने सांगितले ते लिहिणाऱ्याला कळले असेल का, या विचाराने मी त्या पानावर बराच वेळ थांबलो होतो.

बायबलमधील वंशावळ्या वाचताना आपण सारे घाई करतो. एज्राच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय मी स्वतः कित्येक वर्षे झरझर वाचून टाकीत असे. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्यांची ती यादी. या घराण्याचे इतके, त्या गावचे तितके. या खटल्यानंतर तो अध्याय सावकाश वाचला. त्यात बर्जिल्लय आदी घराण्यांची हकिगत येते. ती माणसे याजक होती, निदान ती तसे सांगत होती. त्यांनी वंशावळीच्या वहीत आपली नावे शोधली आणि ती मिळाली नाहीत. म्हणून त्यांना याजकपदावरून दूर ठेवण्यात आले, आणि प्रांताधिपतीने सांगितले की उरीम व थुम्मीम धारण करणारा याजक उभा राहीपर्यंत थांबा. अडीच हजार वर्षांपूर्वीचे हे प्रकरण. पुढे त्यांचे काय झाले, ते या अध्यायात नाही.

आमच्या प्रकरणात उरीम-थुम्मीम निघाले ते मालगुजारांच्या वाड्यातून.

गोंडांची वंशावळ कोणीच राखीत नसे असे समजणे बरोबर नाही. परधान ती राखीत. ठराविक वर्षांनी ते यजमान गोंडाच्या दारी येत, किंगरी वाजवीत आणि घराण्याचे, देवांचे गाणे गात. कोण चार देवे, कोण सहा देवे, कोण सात देवे, कोणाची सोयरीक कोठे होते आणि कोठे होत नाही, हे सर्व त्या गाण्यात असे. पण गाण्यावर शिक्का मारता येत नाही. त्या गावात परधान येण्याचे बंद होऊन तीस-चाळीस वर्षे लोटली होती. बोलता बोलता आजोबा एवढेच म्हणाले की आपला बाप भुमक होता.

हा शब्द बाहेरच्या वाचकांना उलगडून सांगितला पाहिजे. भुमक म्हणजे गावशिवेच्या देवतांचा पुजारी. आमच्या भागातील जुन्या गावांत हा मान बहुधा गोंडाच्या घराण्यात असतो. मालगुजार पोवार असो, कोहळी असो, लोधी असो की ब्राह्मण असो, शिवेची पूजा भुमकाने केल्याखेरीज पेरणीला हात लागत नसे. याचे कारण लोक सरळ सांगतात: जंगल पहिल्याने ज्याने तोडले त्याचीच त्या जमिनीच्या देवांशी ओळख. नंतर आलेल्याने कितीही मोठा वाडा बांधला तरी ती ओळख त्याला मिळत नाही. पूजेचा मोबदला म्हणून भुमकाला दरसाल मालगुजाराच्या घरून धान मिळे. आणि धान दिले म्हणजे ते खर्ची लिहिलेच पाहिजे; त्या बाबतीत आमचे मालगुजार फार चोख.

मालगुजारांचे पणतू निवृत्त शिक्षक आहेत. पोवार समाजाचे. माळव्याहून आपले पूर्वज आले, घनदाट अरण्य तोडून त्यांनी हे गाव वसविले, ही हकिगत त्यांनी मला चहासोबत सांगितली. भाटाच्या पोथीची नक्कलही दाखविली. मी म्हणालो, “गुरुजी, पोथी नको, खर्चाच्या वह्या असल्या तर पाहू द्या.” ते काहीसे चकित झाले. माळ्यावर एका सागवानी पेटीत त्या होत्या. मालगुजारी १९५१ साली संपली, वह्याही तेथेच संपतात. मागे जाता १८९० च्या आसपासपर्यंत, मधली काही वर्षे उंदरांनी नेलेली. मोडीतील रोजकीर्द. बियाणे, बैलाची नाल, वकिलाची फी, मुलीच्या सासरी पाठविलेला शालू, साहेब शिकारीला आला त्याच्या कोंबड्या. आणि दरवर्षी मृगाच्या आधी एक ओळ: भुमकास धान. पुढे नाव, ‘वल्द’ म्हणून बापाचे नाव. काही वर्षांनी वल्दच्या डाव्या बाजूचे नाव उजव्या बाजूला जाते आणि डावीकडे नवे येते. बाप गेला, मुलगा भुमक झाला. पन्नास-साठ ओळींत चार पिढ्या उलगडल्या.

पाळ फुटली त्या वर्षीची वही आम्ही शेवटी उघडली. त्यात भुमकाचे नाव दोनदा येते. एकदा मृगाच्या आधी, नेहमीप्रमाणे. दुसऱ्यांदा, मुलगा झाला सबब दोन पायल्या धान व गूळ. तिथी शालिवाहन शकाची होती. जुनी जंत्री काढून ती इंग्रजी तारखेशी ताडली. कोतवाल पंजीतील दोन नोंदींपैकी पहिलीशी तिचे अंतर तीन दिवसांचे निघाले, दुसरीशी सात महिन्यांचे. गुरुजींनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि ती ओळ स्वतः वाचून पाहिली. मग म्हणाले, “फादर, भुमकाचे धान आमच्याकडून अजून जाते. यंदाही दिले. आता तुमच्याबरोबर आलेत ना, यांच्या पुतण्याला.” गाव कोणी वसविले याविषयी त्या दिवशी पुढे काही बोलणे झाले नाही. चहा पुन्हा आला.

खासगी वहीला सरकारदरबारी पंजीइतके वजन नसते. तरीही दोहोंच्या नकला, तारखांचे कोष्टक आणि गुरुजींचे प्रतिज्ञापत्र एकत्र जोडले. चौकशीला आलेल्या मनुष्याने वाड्यावर जाऊन मूळ वही पाहिली, गावात चार वृद्धांना विचारले. त्या वर्षीचा प्रवेश गेला. पडताळणी पुढच्या वर्षी मिळाली आणि मुलगी एक वर्ष उशिराने शिकावयास गेली. पेटीतील वह्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत असे मी गुरुजींना सुचविले, आणि त्यांच्या नातवाने दोन रविवारी मोबाईलवर ती काढली. गावातील आणखी दोन घरांनी त्यांत आपली नावे शोधली आहेत. त्यांपैकी एक घर ढिवरांचे. तलावातील मासळीच्या हिशेबात त्यांचा खापरपणजा सापडला.

आजोबांनी मला एकच काम सांगितले होते. सर्व नावे एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्यावीत. नात वाचून दाखवील. मी लिहीत गेलो. भुमकांची नावे एकाखाली एक आली. मग ते म्हणाले, “यात माय नाही जी.” खरेच, खर्चवहीत एकाही बाईचे नाव नव्हते. मत्तयाच्या वंशावळीत तामार आहे, राहाब आहे, रूथ आहे. उरियाची बायकोही आहे, तिचे मात्र नाव नाही. मी प्रत्येक नावाच्या उजवीकडे जागा सोडली. आईचे नाव त्यांनी लगेच सांगितले. आजीचे जरा थांबून. पणजीचे नाव काही केल्या आठवेना. ती बैहरकडची होती आणि तिच्या कपाळावर गोंदण होते, एवढे त्यांनी आईकडून ऐकलेले. ते मी तसेच लिहिले: बैहरकडची, कपाळावर गोंदण.